बिनखिळ्याच्या जहाजावरचा खिळा

आम्ही तिघं औरंगाबादेहून समुद्राकडं निघालो ते रुपयाएवढा एक पितळी बिल्ला शोधायला. तिघांपैकी एकानंही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

निजामाच्या राज्यावरच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा चार वर्षं झाली होती. मी मोटारींच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचो आणि संध्याकाळी कुठं कीर्तन असेल तिथं टाळ घेऊन उभा राहायचो. त्या कार्तिकात मारुतीच्या देवळात कोकणातले एक बुवा आले. गळा असा की खांबसुद्धा डोलावेत. उत्तररंगात त्यांनी दृष्टांत दिला. म्हणाले, "लढाईच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. दीडशे हात लांब, पण अंगाला एक खिळा नाही. पत्र्याला पत्रा विस्तवानं चिकटवलेला. पंचेचाळीस दिवसांत बांधून मोकळे झाले. पहिल्या मोठ्या तुफानात खडकावर बसलं आणि काकडीसारखे त्याचे दोन तुकडे झाले. देवाशी सांधा जोडायचा तर अशी घाई करू नये मंडळी."

मंडळी माना डोलावत होती. माझे टाळ मात्र हातातच थांबले. मृदंगवाला माझ्याकडं वळून बघायला लागला.

बिनखिळ्याचं जहाज. हे शब्द मी आधी वाचले होते, आणि माझ्याच तोंडानं एका बाईला वाचून दाखवले होते.

रोशनगेटजवळ आमच्या गल्लीत शेख अन्सार राहायचा. माझ्या बरोबरीचा. बाप टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा लोहार. जर्मनची लढाई सुरू झाली तसा अन्सार मुंबईच्या गोदीत गेला, वेल्डिंग शिकला आणि एका मालवाहू जहाजावर फिटर म्हणून चढला. त्याची घरवाली जहांआरा लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूतच झालेली, त्यामुळं अन्सारची पत्रं वाचायचं काम माझ्याकडं. एकूण तीन पत्रं आली. मला अजून पाठ आहेत.

पहिल्यात लिहिलं होतं, "जहाजाचं नाव मोरहेवन. सातासमुद्रापलीकडच्या गोदीत बांधलंय. तिथं म्हणे जहाजाचे मोठमोठे तुकडे कारखान्यात तयार करतात, यारीनं उचलून आणतात आणि विस्तवानं सांधतात. रामकिसन, याला एक खिळा नाही." जहांआराला ते लांबलचक नाव जमेना, म्हणून ती जहाजाला नुसतं 'मोर' म्हणायची.

दुसऱ्या पत्रात होतं, "जहाजात माल सोडायचं तोंड असतं, त्याच्या एका कोपऱ्यात केसाएवढा तडा दिसला. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. भोक पाडलं की तडा तिथं थांबतो. अब्बानं शिकवलेलं."

तिसरं छोटं होतं. "उद्या निघतो. कुठं ते लिहायची मनाई आहे. आमच्या बड्या मिस्त्रीचा कायदा असा, की इंजिनात उतरताना आपला बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आल्यावर आपल्याच हातानं काढून घ्यायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. माझा नंबर चारशे सतरा. म्हणजे या बिनखिळ्याच्या जहाजावर एक खिळा माझा आहे."

त्यानंतर आठ वर्षं काही नाही. कंपनीनं कळवलं, जहाज वादळात बुडालं, पण कुठं ते कळवलं नाही. निघायच्या दिवशी काही खलाशी मुंबईत पळून गेले होते. अन्सार चढला की पळाला हे सांगता येत नाही, कारण चढलेल्यांची यादी जहाजाबरोबर गेली. बिल्ल्यांचे नंबर आणि नावं तेवढी वहीत आहेत.

जहांआरानं घराच्या चौकटीला, बाहेरून, एका खिळ्यावर जादा किल्ली अडकवून ठेवली होती. तो अवेळी आला, आपण घरात नसलो, तर दाराशी ताटकळू नये म्हणून. आठ वर्षं ती किल्ली तिथंच होती. पोलीस ॲक्शनच्या त्या वाईट दिवसांतसुद्धा कुणी तिला हात लावला नाही.

आणि आता कचेरीतून कागद आला होता. मकानमालक शेख अन्सार पाकिस्तानात निघून गेल्याचं समजतं. तसं नसेल तर पौष संपायच्या आत पुरावा आणावा, नाहीतर घर सरकारजमा होईल.

म्हणून त्या कीर्तनानंतर मी बुवांच्या पायावर डोकं ठेवलं ते उठलोच नाही. जहाज कुठल्या गावाला फुटलं ते विचारून, कागदावर लिहून घेऊनच उठलो.

*

अन्सारचा धाकटा भाऊ फारूख आमच्याच कारखान्यात वेल्डर होता. त्याला हा दृष्टांत मुळीच पटला नाही.

"बुवा को बोलो, कीर्तन करो," तो म्हणाला. "वेल्डिंगच्या गोष्टी मला विचारा. जोड बरोबर केला तर पत्रा फाटेल, जोड नाही फाटणार."

"मग ते मोडलं कसं?"

"वही तो देखना है."

तिसरा गडी कारभारी भोई. गंगापूरकडं गोदावरीत नाव चालवणारा, माझ्या मामाच्या गावचा. समुद्राची गोष्ट काढली तेव्हा त्यानं तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली. "नाव म्हंजी नाव आन पानी म्हंजी पानी. गोड असो का खारं. लई काय घाबरायचं त्येला?"

निघायच्या दिवशी फारूख भावजयीसमोर उभा राहिला. जहांआरानं भाकऱ्यांचं गाठोडं त्याच्या हाती दिलं, तरी तो हलेना.

"भाभी, एक सांगा. बिल्ला मिळू दे म्हणून दुआ मागू, की मिळू नये म्हणून?"

बिल्ला खिळ्यावर सापडला तर घर वाचणार होतं आणि माणूस गेल्याचं ठरणार होतं. खिळा रिकामा निघाला तर आशा उरणार होती, घर नाही.

"दुआ मैं देख लूँगी," ती म्हणाली. "जो है सो लाना. नहीं है तो नहीं बोलना. मगर अपनी आँख से देख के आना."

*

मनमाड, मुंबई, मग लाल मातीच्या रस्त्यानं दीड दिवस मोटार, आणि शेवटचे तीन कोस पायी. एक टेकाड चढून आम्ही वर आलो आणि तिघंही तिथंच थांबलो. समोर जमीन संपली होती! तिथून आभाळापर्यंत नुसतं हलणारं पाणी.

कारभारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "रामकिसनभाऊ, पल्याडचा काठ कुठंय?"

"नाय."

"मंग हे वाहतं कुणीकडं?"

मी उतरणीला लागलो.

गावातला जाणता माणूस म्हणजे धाकू तांडेल. मोठ्या होडीचा मुख्य म्हणून त्याला तांडेल म्हणत. साठीचा, काळा तुळतुळीत, कानात बाळी. त्यानं बोट दाखवलं. किनाऱ्यापासून पाऊण कोसावर खडकांची काळी रांग होती आणि तिच्यावर तांबूस असं काहीतरी तिरकं बसलं होतं.

"ती फुटकी. पुढला धड खोल पान्यात गेला, मागला खडकावर बसलाय. नाव कुनाला ठावं नाय. लढाईत नावावर काळा रंग फासलेला. सोळा जन जिते निघाले, त्यांना लष्कराची मोटार घेऊन गेली, कोन, कुठले, आमाला बोलू पन नाय दिला."

मी त्याला अन्सारची हकिकत सांगितली, त्या जहाजावर जायचंय म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं, आभाळाकडं पाहिलं, बोटांवर काही मोजलं.

"होडी देतो. पन आठ रोज थांबा. भांग येऊ द्या. भांगावर गेलात तर काय तरास नाय."

मी गळ्यातली तुळशीची माळ पुढं धरली. जरा रागच आला होता मला. "तांडेल, आम्ही माळकरी माणसं. हा फारूख नमाजी. कारभारी तंबाखूच्या पुढं जात नाही. आम्ही भांग घेत नाही."

"भांग नाय घेत?" तांडेल माझ्याकडं बघतच राहिला. "मग काय उधान घेता?"

"उधाणच! परवा दत्तजयंती, पौर्णिमा. देवाच्या दिवशी आम्हाला उधाण येतं, त्याला नशापाणी लागत नाही."

तांडेलानं फारूखकडं पाहिलं, कारभारीकडं पाहिलं. त्या दोघांनीही माझ्या बोलण्यावर ठामपणे माना हलवल्या. तांडेलानं खांदे उडवले.

"पावन्यांची मर्जी. मग उजाडता जा नि न्याहारीच्या आत परत फिरा. त्या पुढं मी नाय सांगत."

वाटेत फारूख म्हणाला, "माणूस चांगला आहे बिचारा. व्यसन वाईट."

आम्हाला थांबायला वेळ होता. पौष संपायला दीड महिना होता. आम्ही थांबलो नाही.

*

दत्तजयंतीला पहाटे पाणी इतकं मागं गेलं होतं की आदल्या दिवशी जिथं होड्या तरंगत होत्या तिथं नुसता चिखल चकाकत होता. कारभारी खूश झाला. "बघा, देवानं वाट करून दिली." धुक्यातून त्यानं होडी वल्हवली. फटफटीत उजाडायच्या आत आम्ही फुटकीच्या पायथ्याशी होतो.

खालून ते जहाज वाटेचना. आमच्या वेरूळच्या डोंगरात कोरलेलं काहीतरी उचलून कुणी समुद्रात ठेवलंय असं वाटत होतं. बाजू एकमजली घराएवढी उंच. तिच्यावर गंजाचे पापुद्रे, पापुद्र्यांवर शिंपल्या, शिंपल्यांवर हिरवं शेवाळ, आणि या सगळ्यातून पाणी ठिबकत होतं. कुठूनतरी वरून मंद घंटा वाजली. एकदा. मग बराच वेळ नाही. मग दोनदा.

बाजूला लोखंडी शिडी लोंबत होती. कारभारीनं होडी तिच्या अगदी खालच्या पायरीला बांधली. दोरी आखूड, गाठ आवळून, होडी हलायलाही नको अशी. गोदावरीवर धार ओढून नेते, तिथं अशीच बांधतात. "आता ही जागा सोडत नाय," तो म्हणाला.

आम्ही वर चढलो. पायाखालची लोखंडी फळी तिरकी, निसरडी. जिथं जहाजाचे दोन तुकडे झाले होते तिथं पत्रा फाटून सरळ तुटला होता. फारूख पोटावर झोपून त्या फाटलेल्या काठावर बोटं फिरवत पुढं सरकला. मी त्याचे पाय धरून बसलो. एखादा हकीम नाडी बघतो तसं त्याचं चाललं होतं.

"रामकिसनभाऊ, हे बघा! जोड शाबूत आहे. फाटलाय तो पत्रा. इथून सुरू झालाय, मालाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून. कोपरा चौकोनी ठेवला, गोल नाही केला. सगळा जोर त्या टोकात."

"मग पुढं एवढा कसा फाटत गेला?"

"गोधडी फाटली तर शिवणीपाशी अडते, व्हय ना? तुकड्या-तुकड्यांची असते. आणि सलग कापड टरकन् शेवटपर्यंत जातं. खिळ्यांचं जहाज म्हणजे गोधडी. हे सलग कापड होतं." त्यानं बुवांच्या दिशेनं, म्हणजे पूर्वेकडं, मान उडवली. "जोडणाऱ्यांनी इतकं पक्कं जोडलं की तड्याला थांबायला जागाच ठेवली नाही. सांगा तुमच्या बुवाला."

मग तो दुसऱ्या कोपऱ्याकडं सरकला आणि तिथं एकदम बसूनच राहिला. कोपऱ्यातून निघालेला वीतभर तडा होता. तड्याच्या टोकाला हरभऱ्याएवढं गोल भोक. आणि भोकाच्या पुढं, आठ वर्षांच्या लाटा खाऊनही, पत्रा कोरा होता.

"हे मोर आहे," तो म्हणाला. त्यानं भोकावर करंगळीचं टोक टेकवलं. "हा तडा थांबला. भाईनं थांबवलेला थांबला. त्या बाजूचा कुणी पाहिलाच नाही."

आता जे करायला आलो ते करायला हवं होतं. फारूख इंजिनाचं दार शोधायला खाली उतरला. मी आणि कारभारी वर राहिलो, आणि तिथं माझी मती फिरली.

एका उंच लोखंडी खांबाला ती घंटा लोंबत होती. पितळी, घागरीएवढी. मी बरोबर आणलेल्या लोखंडी पान्याच्या टोकानं हलकेच टिचकी मारली. असा सूर! खर्जातून निघून कानाच्या आत घुमत राहणारा. आमच्या मारुतीला साधी काशाची थाळी होती. डोळ्यांपुढं देऊळ आलं, कीर्तन आलं, आरतीला ही घंटा आली.

"कारभारी, ही उतरवू."

"व्हय, लई ब्येस. देवाचीच वस्तू हाय."

दोन बोल्ट होते. पहिला काढायला अर्धा-पाऊण तास गेला. गंज उडत होता, हाताची सालं निघत होती, आम्ही दोघं आळीपाळीनं पाना फिरवत होतो. खाली होडीकडं बघायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाणी पुन्हा वाढेल हे माहीतच कुणाला होतं? आमची गोदावरी उतरली की उतरली.

"रामकिसनभाऊ! खिळे आहेत!" खोलातून हाक आली.

मी पाना टाकला आणि उतरलो.

अंधारी, कलती वाट. पायात गार पाणी. फारूख खाली वाकून उभा होता. इंजिनखोलीचं दार अर्धं गाळात रुतलेलं, आणि दाराच्या वर एका लोखंडी पट्टीला खिळ्यांची रांग. बरेच खिळे रिकामे होते. नऊ खिळ्यांवर शिंपल्यांचे हिरवे गोळे चिकटले होते. फारूखनं चाकूनं पहिला खरवडला. आतून पितळ चमकलं. 'मोरहेवन', खाली चारशे दोन. दुसरा, चारशे नऊ. तिसरा. चौथा. तो खरवडत होता, मी काडी धरून उभा होतो. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. आम्हाला वाटलं, लाट आली असेल.

सातव्या गोळ्यातून चार निघाला. मग एक. मग सात.

फारूखचा हात खाली आला. काडी विझली. मी दुसरी पेटवली.

"काढ," मी म्हणालो.

"नाही."

"फारूख, पाणी वाढतंय."

"आपल्याच हातानं काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तुम्हीच वाचलंत ना पत्र?"

पाणी गुडघ्याला आलं होतं. बाहेर काहीतरी धाडकन आपटलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कीर्तनात हजार वेळा ऐकलेलं मोठमोठं ज्ञान त्या वेळी एक आठवेना. जे सुचलं ते बोललो. "तुझ्या अब्बाच्या भट्टीवर भाता कोण मारायचं?"

"हम दोनों."

"मग हा हात दुसऱ्याचा कसा?"

मग त्यानं बिल्ला दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाला, "चलो भाई. ऊपर चलो." आणि खिळ्यावरून काढला.

"चल आता!" मी ओरडलो.

"बाकीचे आठ?"

"फारूख!"

"त्यांच्याही घरी कुणी दाराकडं बघत असेल."

पाणी मांडीला आलं. आम्ही दोघं चाकू आणि नखांनी ते बिल्ले ओरबाडत सुटलो. एक, दोन, पाच. उपरण्यात बांधत गेलो. सात. पाणी कमरेला. आठवा सुटेना! फारूखनं खिळाच वाकवला. सुटला! तेवढ्यात समोरून लाट आत घुसली. काडी गेली. अंधार. नाकातोंडात खारट पाणी. माझा पाय कशात तरी अडकला. फारूखनं माझी बंडी धरून हिसका दिला. मी पांडुरंग म्हणत होतो, तो अल्ला म्हणत होता. डोकं लोखंडावर आपटलं. हाताला शिडी लागली. आम्ही वर आलो.

वर कारभारी दगडासारखा उभा होता. त्याचं तोंड बघूनच मी खाली डोकावलो.

ज्या खडकांलगत आम्ही होडी बांधली होती ते खडक नव्हतेच! नुसतं खवळलेलं पाणी. होडी आखूड दोरीनं खालच्या पायरीला जखडलेली होती, पाणी वर आलं आणि ती दोरी तिला वर येऊ देईना. होडीचं नाक पाण्यात ओढलं गेलं होतं, मागली बाजू वर. दर लाटेला ती भरत होती. कारभारी खाली झेपावला, चाकूनं दोरी कापली. उशीर झाला होता. होडी एकदा लोळली, वल्ही निसटली आणि सगळं धुक्यात गेलं.

"नदी उलटी फिरली, भाऊ," कारभारी म्हणाला. "मी जन्मात नदी उलटी फिरलेली बघितली नाय."

फारूख खांबाजवळ गेला आणि मान वर करून बघायला लागला. खांबाला शिंपल्या चिकटल्या होत्या. त्या कुठपर्यंत आहेत ते त्यानं हातानं मापलं. हात पुरा उंच केला तरी शिंपल्या वरच होत्या.

"पाणी इथवर येतं," तो म्हणाला.

आम्ही ओरडलो. आवाज धुक्यानं गिळले. उपरणं फडकावून उपयोग नव्हता, किनाराच दिसत नव्हता. फळीवरून पाणी वाहायला लागलं. घंटा मात्र वाजायला लागली होती. लाट आदळली की दाणकन, मग नाही, मग भलत्याच वेळी दोनदा.

"ती वाजवा, जोरात!" फारूख म्हणाला.

"ती रोजच वाजते रं," कारभारी म्हणाला. "गावाला सवय हाय. कोन येतंय?"

आणि मला एकदम कळलं. समुद्र घंटा वाजवतो, पण समुद्राला ताल नाही!

मी खांबाला मिठी मारली, पाना उचलला. डोळे मिटले. समोर वीणेकरी उभे आहेत, मृदंग लागलाय, असं मनात धरलं आणि भजनी ठेका धरला. विठ्ठल, विठ्ठल. एक मोकळा, दोन जोड. एक मोकळा, दोन जोड. एक बोल्ट मीच काढलेला, त्यामुळं घंटा लंगडत होती, निसटू बघत होती. फारूखनं ती खालून दोन्ही हातांनी तोलून धरली. कारभारी आम्हा दोघांना धरून उभा राहिला. पाणी गुडघ्याला आलं. ठेका सोडला नाही. कमरेला आलं. हात भरून आला, पाना डाव्या हातात घेतला. छातीला लाट लागली. एक मोकळा, दोन जोड!

किती वेळ गेला देव जाणे. धुक्यातून एक शिवी ऐकू आली. एवढी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नाही. मागोमाग धाकू तांडेलाची मोठी होडी आली, सहा वल्ह्यांची.

*

किनाऱ्यावर पेजेचे वाडगे हातात घेऊन आम्ही कुडकुडत बसलो. तांडेल दत्ताच्या देवळात भजनाला निघाला होता. पायरीवर त्याला घंटा ऐकू आली.

"पयल्यांदा बोललो, फुटकी वाजतेय. मग बघतो तर फुटकी विठ्ठल बोलतेय. बोललो, ते माळकरी बुडाले बहुतेक." त्यानं बिडी पेटवली. "सांगितला व्हता ना, भांगावर जा म्हनून?"

"तांडेल," मी कळवळून म्हणालो, "भांग पिऊन गेलो असतो तर वाचलो असतो का?"

तांडेलाची बिडी ओठाला तशीच राहिली. मग तो हसायला लागला. हसता हसता वाळूत बसला. बायकापोरं जमली, त्यांना सांगितलं, तीही हसायला लागली. मग त्यानं वाळूत बोटानं रेघा ओढून दाखवलं. पुनवेला-अवसेला समुद्र खूप मागं जातो आणि खूप वर चढतो, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी थोडंच उतरतं, थोडंच चढतं, तो भांग.

फारूखनं माझ्याकडं पाहिलं. "व्यसन वाईट, म्हटलं होतं मी. आपल्यालाच लागलं, आपलंच खरं करायचं."

तांडेलानं उपरण्यातले बिल्ले हातावर घेतले आणि त्याचं हसू थांबलं. "हे कुठं गावले?"

"इंजिनच्या दारावर. खाली."

"ते दार?" त्यानं बिल्ले परत उपरण्यात ठेवले. "भांगाला ते दार पान्याबाहेर येतच नाय, बाबांनो. मोठ्या उधानाला तेवढं उघडं पडतं, घटकाभर. तुम्ही माझं ऐकला असता तर सुखानं जाऊन हात हलवत आला असता."

मी हात जोडले. कुणाला जोडले ते आजही नीट सांगता यायचं नाही.

होडीची भरपाई म्हणून कारभारीनं तिथं राहून तांडेलाला नवी होडी बांधायला हातभार लावला, आणि दोरी लांब का ठेवायची तेही शिकून आला. निघताना तांडेलानं विचारलं, "घंटा पायजे का? भांगाला उतरवून देतो."

"नको," मी म्हणालो. "एक बोल्ट मी काढलाय. तेवढा परत आवळा. तिथं तिचं काम आहे."

*

पुढच्या खेपेला मुंबईत कंपनीच्या कारकुनानं वही उघडली, नऊही नंबर ताडून पाहिले आणि नऊ नावं लिहून घेतली. चारशे सतरासाठी सही-शिक्क्याचा कागद दिला. तो कागद कचेरीनं ठेवून घेतला आणि घराचं प्रकरण मिटलं. हे सगळं नंतर झालं.

आधी मी आणि फारूख गल्लीत आलो तेव्हा दुपार होती. जहांआरा उंबऱ्याशी ज्वारी निवडत बसली होती. फारूखनं तिच्यापुढं बसून रुमाल उघडला. तिनं बिल्ला उचलला नाही. नुसतं विचारलं, "खिळ्यावर होता?"

"होता."

"काढला कुणी?"

"मी."

ती मान हलवत राहिली. मी भोकाची गोष्ट सांगितली, अन्सारनं थांबवलेला तडा आठ वर्षं कसा थांबून राहिला ते सांगितलं. ते मात्र तिनं दोनदा सांगायला लावलं.

मग ती उठली. चौकटीच्या खिळ्यावरची किल्ली काढली. आठ वर्षांच्या उन्हापावसानं लाकडावर किल्लीचा आकार उमटला होता. तिनं किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा आवळली. मग बिल्ला घेतला, ओढणीनं पुसला. पण तो दाराच्या बाहेर लावायचा नव्हता. खिळा उपटून तिनं तो आतल्या भिंतीत ठोकायला सांगितला, फारूखनं ठोकला, आणि तिनं आपल्या हातानं बिल्ला त्याला अडकवला.